शिरगणती : अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आणि वर्णभेद

वृत्तपत्रांच्या इतिहासात छापखाना, मालक, खप आणि अग्रलेख यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बातमी कोणी आणली, तिच्यावर मथळा कोणी दिला, ती पहिल्या पानावर जावी की आतल्या पानावर हे कोणी ठरवले आणि ही माणसे कोणत्या समाजातून आली होती, या प्रश्नाचा इतिहास त्या मानाने फार थोडा लिहिला गेला आहे. बातमीदार, उपसंपादक, छायाचित्रकार आणि वृत्तसंपादक जेथे बसून रोजचा अंक घडवतात त्या जागेला आता मराठीतही न्यूजरूम असे म्हटले जाते, आणि त्या जागेत कोणाला खुर्ची मिळते यावर कोणाचे दुःख बातमी ठरते आणि कोणाचे ठरत नाही हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. अमेरिकेत या प्रश्नाला एक असे वळण लागले की जे इतर फारच थोड्या देशांत लागले : तेथील संपादकांच्या संघटनेने १९७८ पासून आपल्याच कचेऱ्यांतील माणसे वंशानुसार मोजून तो आकडा वर्षानुवर्षे जाहीर केला. अमेरिकी वृत्तपत्रांचे दार कृष्णवर्णीयांसाठी किलकिले झाले ते १९६० नंतरच्या दंगलींमुळे, पण ते पुन्हा लागू नये यासाठी त्यात जो पाय रोवला गेला तो या शिरगणतीचा होता.

मुख्य प्रवाहातील वृत्तपत्रे गोऱ्या माणसांनी गोऱ्या वाचकांसाठी काढलेली होती, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात इतकी गृहीत होती की ती कोणी बोलूनही दाखवत नसे. म्हणून ज्यांना त्या पानांवर जागा नव्हती त्यांनी आपली स्वतंत्र पत्रे काढली. १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी ‘फ्रीडम्स जर्नल’ सुरू केले, तेव्हा त्या राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपायला अजून साडेतीन महिने बाकी होते. इतरांनी आपल्या वतीने फार काळ बोलून झाले, आता आपली बाजू आपणच मांडली पाहिजे, हा त्या पत्राचा पहिल्याच अंकातील पवित्रा होता. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत जॉर्जियातील न्यू एकोटा येथून ‘चेरोकी फिनिक्स’ निघाले. सिक्वोया या चेरोकी माणसाने स्वतः रचलेल्या अक्षरमालेचे खिळे ओतवून ते चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत छापले जाई, आणि चेरोकींना त्यांच्या भूमीवरून हुसकण्याचे राजकारण टोकाला गेले तेव्हा जॉर्जियाच्या शिपायांनी तो छापखानाच जप्त केला. मेम्फिसमध्ये १८९२ साली तीन कृष्णवर्णीय दुकानदारांचे लिंचिंग झाले, म्हणजे जमावाने त्यांना कोर्टकचेरीवाचून ठार मारले. त्यावर आयडा बी. वेल्स यांनी आपल्या पत्रात निर्भीडपणे लिहिले, तेव्हा त्या परगावी असताना त्यांची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली आणि गावात पाऊल ठेवल्यास जिवाची खैर नाही अशी धमकी देण्यात आली. पत्रकारितेची मानाची पारितोषिके देणाऱ्या पुलित्झर मंडळाने त्यांच्या कामाची दखल विशेष गौरवाने घेतली ती २०२० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनी.

या स्वतंत्र पत्रांपैकी सर्वांत दूरवर पोहोचलेले म्हणजे रॉबर्ट अ‍ॅबट यांनी ५ मे १९०५ रोजी सुरू केलेले ‘शिकागो डिफेंडर’ होय. दक्षिणेकडील अनेक गावांत हे पत्र उघडपणे विकणे धोक्याचे होते, म्हणून पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत हमाल-सेवकाचे काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर त्याचे गठ्ठे गाडीतून नेत आणि ते हातोहात, न्हाव्याच्या दुकानांतून व चर्चमधून पसरत. एक अंक अनेक जण वाचत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना तो वाचून दाखवला जाई. दक्षिणेतील शेतमजुरी सोडून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखान्यांकडे गेले, त्या महास्थलांतराला या पत्राने मोठी चालना दिली.

गोऱ्या वृत्तपत्रांचे धोरण काय होते, हे त्यांच्या भाषेतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही ठरावातून दिसत नाही. दक्षिणेकडील बहुतेक दैनिके कृष्णवर्णीय व्यक्तीच्या नावापुढे ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ लावत नसत, गुन्ह्याच्या बातमीत मात्र नावाला जोडून ‘निग्रो’ हा शब्द न चुकता येई. मराठीत ‘ते आले’ ऐवजी ‘तो आला’ असे एखाद्या वयोवृद्ध माणसाविषयी छापले तर वाचकाला जे खटकेल तेच येथे रोज घडत होते, आणि ते घडवण्यासाठी उपसंपादकाच्या निळ्या पेन्सिलीचा एक फटकारा पुरे होता. हा प्रश्न किती जिव्हारी लागणारा होता हे एका खटल्यात दिसले : १९६३ मध्ये अलाबामातील गॅड्सडेन येथील न्यायालयात मेरी हॅमिल्टन या तरुण कार्यकर्तीला सरकारी वकिलाने नुसत्या नावाने हाक मारली, तेव्हा ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही असे तिने सांगितले, अवमानाबद्दल शिक्षा भोगली, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. ‘निग्रो’ या शब्दाचे पहिले अक्षर रोमन लिपीत लहान लिहावे की मोठे, यावरही अनेक दशके झगडा चालला, कारण रोमन लिपीत विशेषनामाचे आद्याक्षर मोठे असते आणि ते लहान लिहिणे म्हणजे त्या समाजाला विशेषनामाचाही मान नाकारणे होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते मोठे अक्षर मान्य केले ते मार्च १९३० मध्ये. लिपीतच असा भेद नसलेल्या देवनागरीच्या वाचकाला हा वाद क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; परंतु ‘अस्पृश्य’, ‘हरिजन’ आणि ‘दलित’ या तीन शब्दांमधले अंतर ज्याने पाहिले आहे त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही.

जागेचाही असाच बंदोबस्त होता. केंटकीतील लेक्सिंग्टनच्या दैनिकांत कृष्णवर्णीयांचे जन्म, लग्ने, मृत्यू आणि चर्चमधील कार्यक्रम ‘कलर्ड नोट्स’ या वेगळ्या रकान्यात छापले जात, तर त्याच शहरात उपाहारगृहांसमोर चाललेली धरणी आणि मोर्चे यांना पहिल्या पानावर थारा मिळत नसे. पुढे ‘हेरल्ड-लीडर’ या नावाने एकत्र झालेल्या या वृत्तपत्राने ४ जुलै २००४ रोजी पहिल्या पानावर खुलासा छापला की नागरी हक्कांच्या चळवळीची बातमी देण्यात आपल्याकडून कुचराई झाली आणि त्याबद्दल आपल्याला खेद वाटतो. चळवळ घडून चाळीस वर्षे लोटल्यावर आलेली ही दुरुस्ती वृत्तपत्रांच्या इतिहासात अपूर्व म्हणावी लागेल. अशा कचेऱ्यांत कृष्णवर्णीय माणूस नोकरीला नव्हता असे मात्र नाही. तो झाडलोट करी, लिफ्ट चालवी, कागदाची रिळे वाहून आणी. संपादकीय मजल्यावर त्याची ये-जा होती, फक्त त्याला तेथे टेबल नव्हते.

या भिंतीतून आत शिरणारी पहिली माणसे एकेकटी होती, आणि एकटेपणाची किंमत त्यांनी रोज मोजली. न्यूयॉर्क पोस्टमध्ये १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेड पोस्टन आले. त्याआधी अलाबामात कृष्णवर्णीय तरुणांवर चाललेल्या स्कॉट्सबरो खटल्याची बातमी काढण्यासाठी ते धर्मोपदेशकाच्या वेशात गेले होते, कारण कृष्णवर्णीय बातमीदार म्हणून तेथे उभे राहणे अशक्य होते. वॉशिंग्टनमध्ये तर व्हाइट हाउसच्या वार्ताहर परिषदेला कृष्णवर्णीय बातमीदाराने जाण्याचा पहिला प्रसंग ८ फेब्रुवारी १९४४ रोजी आला. हॅरी मॅकअल्पिन यांना गोऱ्या वार्ताहरांच्या संघटनेकडून सुचवण्यात आले की त्यांनी आत न येता बाहेर थांबावे, त्यांना माहिती पुरवली जाईल. ते आत गेलेच, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्याशी हस्तांदोलनही केले, पण संघटनेने त्यांना सभासद करून घेतले नाही. त्याच संघटनेने सत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली. संसदेच्या वार्ताहर कक्षात प्रवेश फक्त दैनिकांच्या प्रतिनिधींना असे, आणि कृष्णवर्णीयांची बहुतेक पत्रे साप्ताहिके असल्यामुळे वर्णाचा उल्लेखही न करता त्या सर्वांना बाहेर ठेवता येई. नियम वरकरणी सर्वांना सारखा ठेवून तो एका समाजावरच पडेल अशी तजवीज कशी करता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. ही कोंडी कृष्णवर्णीय वार्ताहर लुई लॉटिअर यांच्या बाबतीत १९४७ मध्ये फुटली.

वॉशिंग्टन पोस्टचे पहिले पूर्णवेळ कृष्णवर्णीय बातमीदार सिमियन बुकर १९५२ मध्ये रुजू झाले, तेव्हा राजधानीतील उपाहारगृहे वर्णभेद पाळत होती, आणि दरोड्याच्या जागी बातमीदार म्हणून पोहोचल्यास पोलिसांना तेच संशयित वाटत. ते तेथे फार काळ थांबले नाहीत. पुढे ‘जेट’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकासाठी त्यांनी १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाच्या हत्येचे वार्तांकन केले, आणि त्या मुलाच्या विद्रूप देहाचे जे छायाचित्र त्या साप्ताहिकाने छापले त्याने एका पिढीला चळवळीत ओढले. गोऱ्या दैनिकात राहून त्यांना ही बातमी अशा रीतीने देता आली असती की नाही, हा प्रश्न त्या दैनिकांच्याच विरोधात जाणारा आहे. १९६१ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये पहिल्या कृष्णवर्णीय महिला बातमीदार म्हणून डॉरथी बटलर गिलियम आल्या. शहरातील टॅक्सीवाले त्यांच्यासाठी गाडी थांबवत नसत, आणि अंकाची वेळ गाठण्यासाठी धावणाऱ्या बातमीदाराच्या दृष्टीने याचा अर्थ हातची बातमी निसटणे असा होता. पुढल्या वर्षी जेम्स मेरेडिथ या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठात रक्तपात झाला, तेव्हा गिलियम त्या विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड गावी गेल्या. तेथील हॉटेलांत कृष्णवर्णीयांना खोली मिळत नव्हती, म्हणून त्यांनी रात्र काढली ती एका कृष्णवर्णीय माणसाच्या अंत्यविधी-गृहात, जेथे एरवी पुरण्यापूर्वी मृतदेह ठेवले जातात. त्याच गावात आलेले त्यांचे गोरे सहव्यवसायी हॉटेलात उतरू शकत होते. एकाच घटनेची बातमी लिहायला आलेल्या दोन माणसांच्या अनुभवात एवढे अंतर असेल, तर त्यांच्या बातमीतही ते अंतर असणार, हे मान्य करायला संपादकांना पुष्कळ वर्षे लागली.

ते त्यांना मान्य करावे लागले ते लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागात. ११ ते १६ ऑगस्ट १९६५ या दिवसांत तेथे उसळलेल्या दंगलीत ३४ माणसे मृत्युमुखी पडली. गोऱ्या बातमीदारांना त्या भागात शिरणे धोक्याचे झाले, आणि देशातील बलाढ्य दैनिकांत गणल्या जाणाऱ्या लॉस एंजेलिस टाइम्सच्या संपादकीय विभागात एकही कृष्णवर्णीय बातमीदार नव्हता. कचेरीत रॉबर्ट रिचर्डसन नावाचा चोवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण होता, पण तो जाहिरात विभागात कामाला होता. तो वॉट्समध्ये जाऊन रस्त्यावरील टेलिफोनच्या खोक्यातून दिसेल ते सांगत राहिला आणि कचेरीतील माणसे ते उतरवून घेत राहिली. जाळपोळ आणि बंदुका यांच्यामध्ये, हातात सुटी नाणी घेऊन, चालू असलेला टेलिफोन शोधत फिरणारा जाहिरात विभागातला हा मुलगा एका बलाढ्य संस्थेचे डोळे आणि कान झाला होता. त्या वार्तांकनाबद्दल वृत्तपत्राला १९६६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकात त्या तरुणाच्या धैर्याचा वाटा मोठा होता, आणि तितकाच मोठा वाटा त्या कचेरीच्या लाजिरवाण्या उणिवेचाही होता.

वॉट्सनंतर दोन वर्षांनी नेवार्क आणि डेट्रॉइट जळाले, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. फेब्रुवारी १९६८ अखेरच्या त्याच्या अहवालात एक संपूर्ण प्रकरण वृत्तमाध्यमांविषयी आहे. वृत्तव्यवसायातील संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय ५ टक्क्यांहून कमी, आणि संपादक वा पर्यवेक्षक या पदांवर १ टक्क्याहूनही कमी असून त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच पत्रांत काम करतात, असे आयोगाने नोंदवले. वृत्तपत्रे गोऱ्या जगात राहून गोऱ्यांच्याच नजरेने बाहेर पाहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. योग्य उमेदवारच मिळत नाहीत, ही संपादकांची ठरलेली सबब होती. तिला आयोगाने दाद दिली नाही, कारण ज्यांना दारातच उभे केले नाही त्यांच्याकडे अनुभव नसल्याची तक्रार करणे म्हणजे पाण्यात उतरू न देता पोहता येत नाही म्हणून दोष देण्यासारखे होते.

पहिले ठोस उत्तर शिक्षणाच्या बाजूने आले. १९६८ च्या उन्हाळ्यात कोलंबिया विद्यापीठात अल्पसंख्य समाजांतील तरुणांसाठी काही आठवड्यांचा पत्रकारितेचा वर्ग फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने सुरू झाला. ‘अल्पसंख्य’ या शब्दाने तेथे कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक वंशाचे लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी अमेरिकी असे चार समूह अभिप्रेत असत. या प्रयत्नाला पुढे चिकाटीने उभे ठेवले ते रॉबर्ट मेनार्ड यांनी. शाळा अर्धवट सोडलेले, पेनसिल्व्हेनियातील यॉर्कच्या दैनिकात काम शिकलेले आणि पुढे वॉशिंग्टन पोस्टमध्ये आलेले मेनार्ड यांनी १९७७ मध्ये पत्नी नॅन्सी हिक्स मेनार्ड व सहकाऱ्यांसह बर्कली येथे पत्रकारिता शिक्षणाची संस्था उभारली, आणि १९८३ मध्ये ते ‘ओकलंड ट्रिब्यून’चे मालक झाले, मोठ्या शहरातील सर्वसाधारण दैनिकाची मालकी कृष्णवर्णीय माणसाकडे येण्याची ती पहिलीच वेळ होती.

नोकरी मिळाल्याने बरोबरी मिळत नाही, हे आत गेलेल्यांना लवकरच कळून चुकले. १९७२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या शहर विभागातील सात कृष्णवर्णीय बातमीदारांनी, ज्यांना पुढे ‘मेट्रो सेव्हन’ म्हटले गेले, रोजगारातील समान संधी पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडे आपल्याच वृत्तपत्राविरुद्ध तक्रार केली. बातम्यांचे वाटप, बढती आणि परदेशी नेमणुका यांत आपल्याला डावलले जाते असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी त्याच विभागातून वॉटरगेट प्रकरणाचा शोध सुरू झाला. त्यामुळे त्या वर्षाची एक कथा जगभर गाजली आणि दुसरी व्यवसायाबाहेर फारशी कोणाला ठाऊक झाली नाही, तरी आज त्या दोन्ही एकत्र वाचल्या पाहिजेत. न्यूयॉर्क टाइम्सवर अल्पसंख्य कर्मचाऱ्यांनी लावलेला दावा १९८० मध्ये तडजोडीने मिटला. न्यूयॉर्क डेली न्यूजविरुद्धचा खटला मात्र ज्यूरीपुढे गेला आणि १९८७ मध्ये ज्यूरीने चार कृष्णवर्णीय पत्रकारांवर भेदभाव झाल्याचा कौल दिला. दरम्यान डिसेंबर १९७५ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ जणांनी कृष्णवर्णीय पत्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती, आणि पुढील दशकात आशियाई, लॅटिनो व मूलनिवासी पत्रकारांनीही आपापल्या संघटना काढल्या.

कृष्णवर्णीय बातमीदाराकडून संपादकांना नेमके काय हवे होते, हा नाजूक प्रश्नही याच काळात पुढे आला. न्यूयॉर्क टाइम्सचे अर्ल कॉल्डवेल हे ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये उतरले होते, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्या क्षणी तेथे हजर असलेले ते एकमेव वृत्तपत्र-बातमीदार होते. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या संघटनेचे वार्तांकन करू लागले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव ज्या संघटनेवरून घेतले ती हीच. पँथर गोऱ्या बातमीदाराशी बोलत नसलेल्या गोष्टी कॉल्डवेल यांच्याशी बोलत, आणि नेमक्या याच कारणाने सरकारी तपास यंत्रणेने त्यांना खबऱ्या बनवण्याचा प्रयत्न केला. त्यांनी नकार दिल्यावर ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे आरोप ठेवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिक-मंडळापुढे, हजर राहण्याचा हुकूम निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या विरोधात लागला. लोकांचा जो विश्वास वृत्तपत्राला केवळ या माणसामुळे मिळाला होता तोच पणाला लावण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि ती त्याच्या गोऱ्या सहकाऱ्यांवर क्वचितच येत असे.

या पार्श्वभूमीवर १९७८ चा ठराव आला. वृत्तपत्र संपादकांच्या अमेरिकी संघटनेने असे उद्दिष्ट जाहीर केले की २००० सालापर्यंत देशाच्या लोकसंख्येत अल्पसंख्य समाजांचे जे प्रमाण असेल तेच दैनिकांच्या संपादकीय विभागांत असावे. त्या वर्षीच्या पहिल्या मोजणीत सुमारे ४३,००० पत्रकारांपैकी अल्पसंख्य सुमारे १,७०० निघाले, म्हणजे ३.९५ टक्के. ठराव कोणीही करतो. येथे वेगळे होते ते हे की उद्दिष्टाबरोबर दरवर्षी हिशेब देण्याची जबाबदारी संपादकांनी स्वतःवर घेतली. प्रत्येक वसंत ऋतूत आकडा जाहीर होई, प्रत्येक वृत्तपत्राला आपली जागा इतरांच्या शेजारी पाहावी लागे, आणि कचेरीतल्या माणसाला वरिष्ठांपुढे ठेवायला एक कागद मिळे. १९८८ मध्ये प्रमाण ७ टक्के आणि १९९८ मध्ये साडेअकरा टक्के झाले. तोवर उद्दिष्ट हुकणार हे स्पष्ट झाले होते, कारण लोकसंख्येतील प्रमाणही वाढतच होते आणि २००० च्या जनगणनेत ते ३० टक्क्यांपर्यंत गेले, तर कचेऱ्यांत त्या वर्षी प्रमाण ११.८५ टक्केच होते. संघटनेने १९९८ मध्ये मुदत वाढवून २०२५ केली. पंचवीस वर्षांची वाढ एका ठरावाने देण्यात आली, ही गोष्ट त्या व्यवसायाने स्वतः दिलेल्या वचनाला शोभणारी नव्हती.

आकड्यांच्या मागे जी माणसे होती त्यांच्या वाट्याला आणखी एक अन्याय आला. १९८१ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या जॅनेट कुक या कृष्णवर्णीय बातमीदाराने आठ वर्षांच्या अंमली पदार्थ घेणाऱ्या मुलाची रचलेली कथा उघडकीस आली आणि पुलित्झर परत करावे लागले. २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये जेसन ब्लेअर यांचे असेच प्रकरण झाले. दोन्ही वेळा अल्पसंख्यांच्या भरतीलाच दोष देण्यात आला. गोऱ्या पत्रकारांनीही त्याच काळात खोट्या कथा रचल्या होत्या, परंतु त्यावरून गोऱ्यांची भरती थांबवावी असे कोणी सुचवले नाही.

मोजणीमुळे काय बदलू शकत होते याचा पुरावा पुन्हा लॉस एंजेलिसमध्येच मिळतो. लॉस एंजेलिस टाइम्सचे रूबेन सालाझार हे मेक्सिकन वंशाचे स्तंभलेखक २९ ऑगस्ट १९७० रोजी पूर्व लॉस एंजेलिसमधील एका उपाहारगृहात बसले असताना शेरिफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मृत्यू पावले. वॉट्सच्या वेळी ज्या कचेरीत एकही कृष्णवर्णीय बातमीदार नव्हता, त्याच कचेरीतील सतरा लॅटिनो पत्रकारांनी १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील आपल्या समाजावर २७ भागांची लेखमाला लिहिली, तिच्या संपादनाची धुराही लॅटिनो पत्रकारांनीच वाहिली, आणि तिला १९८४ चे सार्वजनिक सेवेचे पुलित्झर मिळाले. १९६६ च्या पारितोषिकात दुसऱ्या विभागातून उसना आणलेला माणूस होता; १९८४ च्या पारितोषिकात माणसेही कचेरीची होती आणि कल्पनाही त्यांचीच होती.

या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. १९८४ मध्येच ‘बोस्टन ग्लोब’च्या ज्या गटाला शहरातील वर्णभेदावरील लेखमालेसाठी पुलित्झर मिळाले त्यात केनेथ कूपर हे कृष्णवर्णीय पत्रकार होते, आणि पुढे ते वॉशिंग्टन पोस्टचे दिल्लीतील प्रतिनिधी झाले. १९९६ मध्ये त्यांना एका बातमीच्या कामासाठी दलित पत्रकाराशी बोलायचे होते, म्हणून त्यांनी ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांच्याकडे विचारणा केली. तीस वर्षांच्या व्यवसायात आपल्याला एकही दलित पत्रकार भेटलेला नाही, हे उनियाल यांच्या ध्यानात आले. त्यांनी सरकारी मान्यताप्राप्त ६८६ वार्ताहरांची यादी चाळली, तीत ४५४ आडनावे उच्चवर्णीय ओळखीची निघाली, उरलेल्यांपैकी ४७ जणांकडे चौकशी केली, आणि त्यांत एकही दलित आढळला नाही. हा शोध त्यांनी ‘पायोनियर’मध्ये प्रसिद्ध केला. असा प्रश्न विचारायला वेगळ्या अनुभवातून आलेला माणूस लागला, ही गोष्ट कचेरीत वेगवेगळ्या अनुभवांतून आलेली माणसे हवीत हे मेनार्ड यांच्यासारख्यांचे म्हणणे दिल्लीत सिद्ध करणारी आहे. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील निर्णयाच्या जागांवरील ३१५ जणांची पाहणी झाली, तेव्हाही त्यांत अनुसूचित जाती वा जमातीचे कोणी आढळले नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले तेव्हा, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा, कारण तेच होते जे १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्निश आणि रसवर्म यांच्यापुढे होते. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. मराठी दैनिकांच्या कचेऱ्यांत आज कोणत्या समाजातून किती माणसे कोणत्या पदावर आहेत, याची मोजणी मराठी संपादकांच्या वा मालकांच्या कोणत्याही संघटनेने कधी हाती घेतलेली नाही. आणि जे मोजलेच नाही त्याच्याविषयी, येथे केवळ गुणवत्ता पाहिली जाते, असे बिनदिक्कत म्हणता येते.

अमेरिकेतील मोजणीचा शेवट मात्र दुःखद झाला. २००६ मध्ये अल्पसंख्यांचे प्रमाण पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास पोहोचले, आणि लगेच जाहिराती आंतरजालाकडे गेल्याने वृत्तपत्रांचा पायाच खचला : २००७ मध्ये सुमारे ५५,००० असलेले दैनिकांचे पत्रकार २०१५ मध्ये ३२,९०० वर आले. शेवटी आलेला आधी जातो, हा नोकरकपातीचा रिवाज असल्यामुळे नव्याने आलेल्या अल्पसंख्यांना त्याची झळ अधिक लागली. आणि मग वृत्तपत्रांनी उत्तरे देणेच सोडले. २०१८ मध्ये संघटनेने सुमारे १,७०० वृत्तसंस्थांकडे आकडे मागितले, तेव्हा २९३ संस्थांनी ते पाठवले. उत्तर देणाऱ्यांतील अल्पसंख्यांचे प्रमाण २२.६ टक्के निघाले, परंतु ज्यांच्याजवळ दाखवण्यासारखे काही असते तेच सहसा उत्तर पाठवतात, त्यामुळे तो आकडा संपूर्ण व्यवसायाचा मानता येत नाही. २०१९ मध्ये ही संघटना आणि दुसरी एक संघटना यांचे विलीनीकरण होऊन नवी संस्था झाली. २०२० च्या उन्हाळ्यात जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अनेक मोठ्या वृत्तपत्रांतील कृष्णवर्णीय पत्रकारांनी आपल्या कचेऱ्यांतील भेदभाव उघडपणे मांडला. लॉस एंजेलिस टाइम्स आणि कॅन्सस सिटी स्टार यांनी आपल्या भूतकाळाबद्दल वाचकांची जाहीर माफी मागितली. माफीसाठी पाने निघाली, मोजणीच्या तक्त्यात आकडे भरायला मात्र बहुतेकांना सवड झाली नाही. विलीनीकरणातून झालेली संस्था २०२४ मध्ये विसर्जित करण्यात आली, तेव्हा वाढवून घेतलेली २०२५ ची मुदत एका वर्षावर आली होती.